रंगवलेल्या केसांची तक्रार

हे प्रकरण मी विसरावं असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं एकदाही वाटलेलं नाही.

मी पोलिसात होते. आयर्लंडमध्ये पोलिसाला गार्डा म्हणतात. डब्लिनच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात मी काही वर्षं गार्डा म्हणून काढली आणि मग राजीनामा दिला. वयानं निवृत्त झालेले नाही, त्यामुळे ‘आमच्या वेळी’ वगैरे भाषा माझ्याकडून मिळणार नाही. वाढले किलकेनी या आयरिश शहरात; आई तिथे नर्स. घरात मराठी सक्तीची होती म्हणून हे मराठीत लिहिता येतंय. आणि ते मराठीतच लिहायला हवं, कारण यातल्या मोठ्या चुका मराठी माणसांच्या होत्या. नावं देणार नाही. ज्यांना स्वतःची ओळख पटेल त्यांनी गपचूप वाचावं.

सकाळची पाळी सुरू होत होती. सार्जंटनं मला काउंटरमागच्या खोलीत बोलावलं. ओंगार या जवळच्या उपनगरातलं एक पाळणाघर चालवणारी आयरिश बाई तिथे बसली होती. इथे पाळणाघरवाल्यांवर कायद्यानं बंधन आहे: मुलाच्या बाबतीत गंभीर शंका आली तर कळवायचंच. ती बाई हातातल्या गाडीच्या किल्ल्या सारख्या या मुठीतून त्या मुठीत घेत होती.

तिचं म्हणणं असं. आदल्या दिवशी ऊन चांगलं होतं म्हणून मुलांना अंगणात पाण्यात खेळायला सोडलं. त्यात नुकतीच दाखल झालेली चार वर्षांची एक मुलगी होती. आईवडील भारतीय, दोघंही सावळे. मुलगी मात्र दुधासारखी गोरी, केस काळे. डोक्यावर पाणी पडलं आणि तिच्या मानेवरून काळे ओघळ यायला लागले. बाईनं टॉवेलनं पुसलं तर टॉवेल काळा आणि केसांची मुळं पिवळी.

“चार वर्षांच्या मुलीचे केस कोण रंगवतं?” ती म्हणाली.

“ती त्यांना आईबाबा म्हणते का?” सार्जंटनं विचारलं.

“म्हणते. संध्याकाळी आई दिसली की धावत जाऊन बिलगते.”

“मग तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटावं तेच कळत नाही. म्हणून तर आले.”

या बाईवर माझा आजही राग नाही. तिनं जे पाहिलं ते सांगितलं, त्याला पदरचं काही जोडलं नाही. पोलिसात असा साक्षीदार भेटणं ही चैन असते.

सार्जंटबद्दल सांगायला हवं. पन्नाशी उलटलेला, पश्चिम किनाऱ्याकडचा, तांबड्या केसांचा माणूस. आवाज चढवत नसे. बाई गेल्यावर म्हणाला, “नुसत्या दिसण्यावरून मूल उचललं आणि ते त्यांचंच निघालं, तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाही उचललं आणि ते पळवलेलं निघालं, तर त्याहून वाईट. सगळं तपासू. मग दार वाजवू.”

तपासलं. मुलीचा जन्म आयर्लंडमध्ये नोंदलेला नव्हता. वडील दक्षिण डब्लिनला चेरीवूडमध्ये एका कंपनीत इंजिनिअर, आई घरी. आई इथून भारतात गेली होती आणि काही महिन्यांनी तान्हं मूल घेऊन परतली होती.

“इथे बाळंतपण फुकट होतं,” सार्जंट म्हणाला. “मग एवढा प्रवास कशाला?”

“पहिलं बाळंतपण माहेरी करतात आमच्यात. आई तिकडे असते ना.”

“माझी सासू पलीकडच्या गल्लीत राहते. आम्ही तिला दुसऱ्या दिवशी कळवलं.”

तो विनोद करत होता, पण त्यानं वहीत प्रश्नचिन्ह काढलं ते मी पाहिलं. आपल्याला जे रोजचं वाटतं ते दुसऱ्याच्या वहीत असं प्रश्नचिन्ह होऊन बसतं.

मग आजूबाजूला चौकशी. मुलीच्या घराच्या वसाहतीतच पुण्याची एक बाई राहायची. या कुटुंबाची मैत्रीण, गणपतीच्या मंडळात दोघी एकत्र. मी मराठी बोलते म्हटल्यावर तिनं मला बसवून चहा केला.

“अगं, मी कुणाबद्दल काही बोलत नाही हां,” तिनं सुरुवात केली. पोलिसात असताना मला एक गोष्ट पक्की समजली. या वाक्यानंतर माणसं थांबत नाहीत. “पण खरं सांगू? तिला दिवस गेलेले आम्ही कुणी पाहिलेच नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे अचानक इंडियाला गेली आणि आली ती हे गोरंपान बाळ घेऊन. ती सावळी, तो सावळा. नाक नाही, डोळे नाहीत, काही म्हणजे काही जुळत नाही. आता तू पोलीस, तूच काय ते समज.”

“तुम्ही तेव्हा तिला काही विचारलंत?”

“विचारलं की. म्हटलं, कोणावर गेली गं ही? ती नुसती हसली. म्हटलं, केशर जरा जास्तच घेतलंस वाटतं.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे काय, म्हणाले नशीब काढलं हिनं. पुढे लग्नाची चिंता नाही. गोरी आहे ना.”

मी जबाब लिहिला, तिला वाचून दाखवला, तिनं सही केली. एका दमात ही बाई मुलीला नशीबवान आणि तिच्या आईला चोर म्हणून मोकळी झाली. वर मला चिवडा बांधून देत होती. मी घेतला नाही.

दुपारी आम्ही दार वाजवलं. सार्जंट आणि मी, दोघंच. बालसंरक्षण विभागाची अधिकारी मागाहून येणार होती. आईनं दार उघडलं. तिशीची, बारीक, अंगावर साधा कुर्ता. गणवेश पाहून तिनं आधी मागे वळून मुलीकडे पाहिलं.

बाहेर लख्ख ऊन आणि घरात सगळे पडदे ओढलेले. सार्जंटनं माझ्याकडे पाहिलं. पडदे कोण ओढून ठेवतं? ज्याला काही लपवायचं आहे तो. मुलगी गालिच्यावर पोटावर पडून चित्रांचं पुस्तक पाहत होती. नाक जवळजवळ पानाला टेकलेलं. तिनं मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं आणि ठेठ डब्लिनच्या इंग्रजीत आईला विचारलं, “मॅमी, हे कोण?” आई मराठीत म्हणाली, “पाहुणे आहेत, सोनू. तू वाच.”

तिचे डोळे मी नीट पाहिले. करडे होते आणि स्थिर नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हलावा तसे बारीक बारीक डावी-उजवीकडे हलत होते. त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही. पण लक्षात ठेवलं.

वडिलांना फोन गेला. ते घामेघूम होऊन पोचले. चौकशीचा साधा नियम आहे: माणसं वेगळी बसवायची, प्रश्न तेच विचारायचे. आईला मी वरच्या खोलीत नेलं, वडिलांना सार्जंटनं बैठकीत बसवलं. मुलगी तिथेच. आणखी एक माणूस घरात होतं, वडिलांची आई, साताऱ्याकडच्या गावाहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली. तिला इंग्रजी येत नाही म्हणून ती स्वयंपाकघरात बसून होती.

“मुलीचे केस कुणी रंगवले?”

आई म्हणाली, “मी.”

“कशाला?”

पुन्हा विचारलं. ती खिडकीच्या पडद्याकडे पाहत बसली.

वडील म्हणाले, “रंग? कसला रंग? पूर्वी भुरे होते केस. आई आल्यापासून माक्याचं तेल लावते, त्यानं काळे झालेत.” हा माणूस दिवसभर मोठमोठ्या सिस्टिममधल्या चुका शोधायचा पगार घेतो. घरी मात्र त्यानं तेलावर विश्वास ठेवला होता.

“तुमची दोघांची ओळख कशी झाली?”

वडील: “अरेंज्ड मॅरेज. स्थळ आलं, पाहिलं, ठरवलं.”

आई: “लहानपणापासून ओळखते मी त्यांना.”

“तुम्ही नात्यातले आहात का?”

वडील: “नाही.” आई, पडद्याकडेच पाहत: “नाही.”

“मुलीला काही आजार? डॉक्टरला दाखवलंय?”

“लसी सगळ्या दिल्यात,” वडील म्हणाले. “तिला काही झालेलंच नाही. आमच्या घराण्यात गोरे असतातच.” हे त्यांनी ज्या अभिमानानं सांगितलं तो अभिमान सार्जंटला कळण्यासारखा नव्हता. मला कळला. चार वर्षांत कुणीच त्या मुलीकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं नव्हतं. कौतुकच इतकं चाललं होतं. केस पिवळे, तर ‘किती युनिक’. उन्हात डोळे मिटते, तर ‘लाजते’. पुस्तक नाकाला लावते, तर ‘किती हुशार’. काळीसावळी पोर अशी वागली असती तर पहिल्याच महिन्यात डॉक्टरकडे नेली असती.

कागदपत्रं त्यांनी दाखवली. जन्मदाखला, पासपोर्ट, सगळं रीतसर. सार्जंटनं पाहून परत दिली. मला जिन्याखाली घेऊन तो म्हणाला, “मूल पळवणाऱ्यांची कागदपत्रं नेहमी रीतसरच असतात. हे बघ. केस रंगवलेत, नवऱ्याला पत्ता नाही. ओळख कशी झाली यावर दोघांची दोन उत्तरं. पडदे ओढलेले. तुझी ती शेजारीण सांगते, गरोदर पाहिली नाही. डीएनएचा निकाल यायला वेळ लागणार. तोवर मुलगी या घरात ठेवायची जोखीम मी घेणार नाही. अधिकारी आली की मुलगी तिच्याबरोबर जाईल.”

त्याच्याकडे तो अधिकार होता. मुलाला धोका आहे असं वाटलं तर गार्डा त्याला तिथल्या तिथे सुरक्षित जागी हलवू शकतो. सुरक्षित जागा म्हणजे अनोळखी कुटुंब, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात, तिचं मराठी ज्यांना कळणार नाही असं.

आई जिन्यावर उभी होती. तिनं ऐकलं. ती रडली नाही, ओरडली नाही. वर जाऊन पिशवी भरायला लागली. दोन फ्रॉक, दात घासायचा ब्रश, रुंद कडांची टोपी. माझ्या हातात पिशवी देताना मराठीत म्हणाली, “ताई, त्यांना सांगा, उन्हात नेऊ नका तिला. डोळे दुखतात तिचे.”

मूल चोरलेली बाई अशी पिशवी भरत नाही. पण हे मी जबाबात लिहू शकत नव्हते. पुरावा लागतो.

मी सार्जंटला म्हटलं, “अधिकारी पोचेपर्यंतचा वेळ मला द्या. आजीशी अजून कुणी बोललेलंच नाही.”

“तिला इंग्रजी येत नाही.”

“मला मराठी येते.”

तो बाजूला झाला.

आजी ओट्याशी स्टुलावर बसली होती. नऊवारी, वर मुलाचं स्वेटर. मी समोर बसले.

“आजी, केस तुम्ही रंगवता ना?”

“तुला कुनी सांगितलं?”

“तुमच्या नखांनी.”

तिनं हात पदराखाली घेतले. नखांच्या कडा काळ्या होत्या. “सुनंला काय करू नगा,” ती म्हणाली. “ती माझ्यापायी गप बसलीया. पोराला ठावं न्हाय. त्याला सांगितलं, तेलानं काळं झालं.”

“पण कशाला केलंत?”

“बागंत नेलं की बाया सुनंलाच इचारत्यात, तू हिला सांभाळायला असतीस का, पगार किती घेतीस. आई हाय ती पोरीची. आन रोज कामवाली म्हनून घ्यायचं? घरी यिऊन मोरीत पानी सोडून रडती, मला काय ऐकू येत न्हाय व्हय? म्हनलं, केसं तरी आईवानी दिसूंद्यात.”

“मग हे आत्ता बाहेर खरं कोण सांगणार, आजी? ते मुलगी न्यायला निघालेत.”

“वहिनीला फोन लावा. बाळातपन वहिनीनं केलंय, ती सांगंल.”

“कोण वहिनी?”

“सुनंची आई की.”

मी लिहिता लिहिता थांबले. सुनेची आई म्हणजे विहीण. विहिणीला कुणी वहिनी म्हणत नाही. वहिनी भावाची बायको.

“आजी, सुनेचे वडील तुमचे कोण?”

“सख्खा भाव माझा. तुला म्हाईत न्हाय? मामाची पोरगी केलीया त्यानं. आमच्यात हक्काची असती ती.”

“तुमचा मुलगा म्हणाला, आम्ही नात्यातले नाही.”

“लाजतंय ते. कचेरीत कुणाला तरी सांगितलं, तर समदी हसली म्हनं त्याला. तवापासनं स्थळ आलं म्हनून सांगतंय.”

आता मला आमच्या शाळेतला जीवशास्त्राचा वर्ग आठवला, आणि ते हलणारे डोळे, ओढलेले पडदे, नाकाला टेकलेलं पुस्तक, सगळं एका रांगेत उभं राहिलं.

“आजी, तुमच्या माहेरी असं कुणी होतं? अशी कातडी, असे केस?”

तिनं बैठकीच्या दाराकडे पाहिलं. बाहेर मुलगी वडिलांना काहीतरी वाचून दाखवत होती, ते ऐकू येत होतं.

“व्हती,” आजी म्हणाली. “धाकली भन माझी. डोळं असंच नाचायचं तिचं. उन्हात दिसायचं न्हाय. पावनं आलं की बा तिला माळ्यावर बसवायचा. माझ्या लग्नातबी मांडवात न्हवती. लवकर गेली. तिचा फोटूबी न्हाय एक.”

“सुनेला ठाऊक आहे?”

“कुनालाच न्हाय. भावानं आन म्या ठरवलं व्हतं, नाव काडायचं न्हाय. लग्नं व्हायची व्हती घरात.”

“आणि ही जन्मली तेव्हा?”

“बघितल्या बघितल्या वळखलं म्या. पर समदी म्हनत व्हती, किती गोरी, किती गोरी.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “म्या बी म्हनलं, गोरी.”

मी सार्जंटला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यानं एकच गोष्ट पकडली.

“म्हणजे नात्यातले आहेत. म्हणजे दोघंही माझ्याशी खोटं बोलले.”

“हो. आणि त्या खोट्यातच उत्तर आहे. बसा.”

मिसळणाचा डबा ओट्यावरच होता. शेजारी तिळाची बरणी. मी ताटलीत मोहरीचे आणि पांढऱ्या तिळाचे थोडे दाणे घेतले.

“अंगाला, केसांना, डोळ्यांना रंग देणारं द्रव्य शरीर तयार करतं. ते कसं करायचं याची सूचना जनुकात असते. प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. मोहरी म्हणजे चालणारी प्रत, तीळ म्हणजे बंद पडलेली. एक मोहरी, एक तीळ असला तर काय होतं? मोहरी एकटी काम भागवते. माणूस रंगानं इतरांसारखाच. तीळ आहे हे त्याला आयुष्यभर कळत नाही. जी प्रत एकटी असूनही दिसते ती प्रभावी. जी दुसरीमागे लपते ती अप्रभावी.”

“म्हणजे दुबळी.”

“दुबळी नाही, गप्प. आता हा बाप, हा दाणा आणि हा दाणा. ही आई, तसेच दोन. मुलाला प्रत्येकाकडून एकच दाणा जातो, कुठला ते कुणाच्या हातात नाही. लावून बघा.”

सार्जंटनं जाड बोटांनी जोड्या लावल्या. मोहरी-मोहरी. मोहरी-तीळ. तीळ-मोहरी. मग तीळ-तीळ. त्या शेवटच्या जोडीवर त्याचं बोट थांबलं.

“दोन सावळी माणसं. आणि चारात एकदा हे.”

“दर गरोदरपणात नव्यानं चारात एक. पहिलं मूल असं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. आणि बंद प्रत शेकडो माणसांत एखाद्याकडे असली तर दोन परक्या माणसांची गाठ पडणं अवघड. पण या दोघांचे आजी-आजोबा एकच. तीळ एकाच घरातून दोन वाटांनी खाली आला. आजीच्या बहिणीत तो जोडीनं दिसला होता. आजीत आणि तिच्या भावात गप्प राहिला.”

“तू रंगवून सांगतेस,” तो म्हणाला. पण उठला नाही.

“तुमच्या आईवडिलांचे केस कुठल्या रंगाचे होते, सार्जंट?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. “काळे. दोघांचेही. अख्ख्या गावानं दूधवाल्याचं नाव घेतलं होतं. तो बिचारा टकला होता.”

“तांबडे केसही बहुतेक वेळा असेच येतात. दोघांकडे एकेक गप्प प्रत. दूधवाल्याचा काही संबंध नव्हता.”

आजीनं विचारलं, तुम्ही काय बोलताय. मी मराठीत सांगितलं, तेच दाणे दाखवून. तिनं ताटली जवळ ओढली. “म्हंजी माझ्यातबी तीळ हाय?”

“बहुधा आहे. तुमच्या भावातही. आईबापात तर होताच.”

“आन सुनंनं काय खाल्लं-प्यालं, गिरान पाळलं न्हाय…”

“त्याचा काही संबंध नाही.”

“मग ती माझ्यापायीच…”

“कुणापायीही नाही, आजी. पण सांगायला हवं होतं तुम्ही.”

मी तिला गोड बोलले नाही. कणव आली म्हणून खोटा दिलासा द्यायचा, हे मला तेव्हाही जमत नव्हतं.

सार्जंटनं ताटलीतले दाणे बोटानं सारखे केले. “गोष्ट पटण्यासारखी आहे. पण गोष्ट म्हणजे पुरावा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू. आत्ताच.”

बालसंरक्षणाची अधिकारी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, फोन लावला आणि स्वतःच्या गाडीतून मायलेकींना रुग्णालयात नेलं. मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी खोलीतले दिवे बंद केले, मुलीच्या डोळ्यात बारीक उजेड टाकला. बुबुळात रंग इतका कमी होता की उजेड आरपार दिसत होता. त्या म्हणाल्या, हा अल्बिनिझमचा प्रकार आहे, म्हणजे जन्मापासून रंगद्रव्याची कमतरता. कातडी पूर्ण पांढरी किंवा डोळे लाल असायलाच हवेत हा लोकांचा गैरसमज. मग त्यांनी आईला विचारलं, “हिला दूरचं फार कमी दिसतं. तुमच्या लक्षात आलं नव्हतं?”

आई म्हणाली, “लक्षात आलं होतं. घरी सगळे म्हणायचे, उगाच दृष्ट लावू नकोस.”

संध्याकाळी सार्जंटनं निर्णय दिला. डीएनएचे नमुने तिघांचेही घ्यायचे, मुलगी घरातच राहील, अधिकारी रोज चक्कर मारेल. “ग्रँड,” तो शेवटी म्हणाला. इथे हा शब्द ‘ठीक आहे’ पासून ‘सुटलो बुवा’ पर्यंत कशालाही चालतो. मी वर जाऊन ती भरलेली पिशवी आईला परत दिली. तिनं ती लगेच रिकामी केली, एकेक फ्रॉक कपाटात ठेवून.

खाली बैठकीत नवरा आपल्या आईसमोर उभा होता. “मावशी होती मला? मला मावशी होती आणि तू सांगितलं नाहीस?”

“तू तरी सांगितलंस व्हय, मामाची पोरगी केली म्हनून?”

तो तिच्या शेजारी बसला.

निकाल आला. मुलगी त्यांचीच. फाइल बंद झाली. मुलीला चष्मा आला, वर्गात पुढची जागा मिळाली. रंगवलेले केस कापले. आणि आजीनं परत जायच्या आधी गावाकडे भावाला फोन लावला. तिच्या धाकट्या मुलाचं आणि भावाच्या धाकट्या मुलीचं जमवायचं चाललं होतं. फोनवर तिनं आधी बहिणीचं नाव घेतलं, मग म्हणाली, दोघांची तपासणी झाल्याबिगर सुपारी फोडायची न्हाय. पलीकडून बराच आरडाओरडा झाला. आजी ऐकत राहिली आणि मग तेच वाक्य पुन्हा म्हणाली.

पोलिसांचं काम इथे संपतं. माझी चीड इथे सुरू झाली.

महिन्याभरात एका जेवणावळीत जबाब देणारी ती पुण्याची बाई भेटली. “सुटले म्हणे ते,” मला म्हणाली. “काहीतरी सेटलमेंट झाली असणार.” मी गणवेशात नव्हते, पण नोकरीत होते. बंद फाइलमधलं अक्षर बाहेर बोलायची मला मुभा नव्हती. मी एवढंच म्हटलं, “ताई, कुणी सुटलं नाही. कारण कुणी पकडण्यासारखं नव्हतंच.” ती हसली. दोन टेबलं पलीकडे ती आई मुलीला भात भरवत होती आणि तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

राजीनाम्याची कारणं बरीच होती, त्यातलं हे एक. आज मी पत्रकं वाटते, हॉलमध्ये बोलते, आमच्या मंडळांच्या सभेत लोकांना नको असलेला प्रश्न उभा करते. लोक चिडतात. म्हणतात, म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न करायचंच नाही का? करायचं तर करा, पण आधी जनुक-सल्लागाराकडे जा, दोन्ही घरांतल्या लपवलेल्या माणसांची नावं घेऊन. परक्याशी करणार असाल तरी घराण्यात काही असेल तर विचारून घ्या, गप्प प्रती सगळ्यांकडेच असतात, माझ्याकडेही असतील. आणि ‘कोणावर गेली गं?’ हा प्रश्न बंद करा. तुम्ही गंमत म्हणून विचारता, ऐकणाऱ्या बाईच्या गळ्याशी तो फास होऊन बसतो.

या प्रकरणानं मला शिकवलं ते असं. दिसण्यावरून नातं सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही. सगळ्या खुणा गुन्ह्याकडे बोट दाखवत असल्या तरी त्या साऱ्या एका साध्या, कुणाचाही दोष नसलेल्या गोष्टीच्या असू शकतात. संशयिताचं खोटं सापडलं की पोलिसाला वाटतं, सापडला. तिथेच थांबलं तर चूक होते. ते खोटं कशाच्या लाजेपोटी बोललं गेलं, हे विचारायला हवं. इथे नवऱ्याला लग्नाची लाज होती, आजीला बहिणीची. खरी लाज ज्यांना वाटायला हवी होती ती माणसं जबाबावर सही करून निवांत होती.

हे लिहायच्या आधी मी त्या आईची परवानगी घ्यायला गेले. वसाहतीच्या बागेत आम्ही बाकावर बसलो; मुलगी टोपी घालून मातीत खेळत होती, केस पिवळेधमक वाढलेले. आईनं सगळं वाचलं. म्हणाली, “माझं नाव नको. पण यातलं काही सौम्य करू नका.”

“मुलगी मोठी झाल्यावर वाचेल.”

“वाचू दे. तिला कुणीतरी आधी सांगितलेलं बरं.” मग तिनं मुलीकडे पाहिलं. पलीकडच्या बाकावरची एक बाई मुलीला काहीतरी विचारत होती. आई उठली नाही. मुलगी वर बघत, डोळे किलकिले करून, आईकडे बोट दाखवून त्या बाईला समजावून सांगत होती, आणि ती बाई मान डोलावत ऐकून घेत होती.